तीन चष्मे आणि डोक्यातला दाब

दाजी, तुमचे तिन्ही चष्मे माझ्याकडे परत आले आहेत. आक्काने ते तुमच्या जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळून तुमच्या साखर कारखान्याच्या ट्रक ड्रायव्हरबरोबर पाठवले. "काही निरोप?" असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "न्हाई. निस्तं दे म्हनल्या." माझी थोरली बहीण कुणाला नुसतं काही देत नाही, हे तुम्हाला लग्नापासून ठाऊक आणि मला जन्मापासून. मी चष्मे दुकानाच्या काउंटरवर ओळीने मांडले. पहिला तपकिरी काड्यांचा. दुसरा तसाच, नंबर जरा वाढवलेला. तिसरा जाड काळ्या फ्रेमचा, दुहेरी काचेचा, ज्यात तुम्ही एखाद्या मामलेदारासारखे दिसायचात. तिन्ही माझ्या हातचे. तुम्हाला जाऊन दीड महिना झाला तरी ते ड्रॉवरमध्ये टाकायला माझा हात होत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "हे विकायला हायेत का?" मी मान हलवतो आणि एचएमटीला किल्ली देत बसतो.

सोनईत घड्याळ-चष्म्याचं दुकान घालून बसलेल्या माणसाने स्वतःला डोळ्यांतलं कळतं असं समजावं, इथूनच घोटाळ्याला सुरुवात झाली. माझी विद्या ती केवढी? एक लाकडी खोकं, त्यात मखमलीच्या खाचांत बसवलेल्या काचा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. एक काच लावायची, "आता बरं, का मघाशी बरं होतं?" असं विचारायचं, आणि माणूस कंटाळून "हेच बरं" म्हणाला की नंबर लिहायचा. पण काष्टीच्या बाजारात खोकं घेऊन बसलो की लोक मला डॉक्टर म्हणायचे, आणि मी एकदाही त्यांना दुरुस्त केलं नाही. तुम्ही मात्र सगळ्यांसमोर हाक मारायचात, "काय घड्याळजी, किती वाजल्यात?" मी मनगटाकडे बघायचो. माझं स्वतःचं घड्याळ हमखास बंद असायचं.

होळीच्या सुमारास तुमचं डोकं दुखायला लागलं. गाळप हंगाम संपलेला, बॉयलर गार पडलेले, तुम्ही माणसं घेऊन त्यांच्या नळ्या साफ करत होतात. हंगामभर दोन प्रचंड भट्ट्यांशेजारी उभं राहूनही ज्याचं डोकं कधी चढलं नाही, त्याचं भट्ट्या विझल्यावर दुखायला लागलं, याची आम्ही थट्टाच केली. तुम्ही माझ्या दुकानात स्टुलावर बसून सांगितलेलं शब्दनशब्द आठवतंय.

"सकाळी उठलं की डोस्कं आतनं भरल्यावानी हुतं. उभा ऱ्हायलो, च्या झाला, की उतरतं. आन् वाकलं का दिवा गेल्यावानी हुतं. पर लगीच येतो."

"वय झालं दाजी. चष्मा लागला," मी म्हणालो. इतक्या ठामपणे मी आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही.

तुमचं ते बोलणं मी आता रोज उलगडून बघतो. सकाळी दुखणं, उभं राहिल्यावर उतरणं, वाकल्यावर क्षणभर अंधारी. सगळं तुम्ही सांगितलं होतंत, आणि मी तक्त्यावरचं तिसऱ्या ओळीतलं अक्षर वाचायला सांगत होतो.

आक्काने तिच्या परीने इलाज केला. सुंठेचा लेप आणि वरून फडकं घट्ट आवळून बांधायचं. तिच्या एकटीच्या हाताला आवळेना म्हणून दुसरं टोक ओढायला मी. आम्ही बहीणभाऊ दोन्हीकडून ओढतोय आणि मधे तुम्ही डोळे मिटून बसलेले. तुम्ही एवढंच म्हणालात, "बाहीरनं आवळल्यालं आतल्याला कळतं का रं?" आक्का म्हणाली, "गप बसा." प्रश्न चांगला होता, दाजी. त्याचं उत्तर आम्हाला चार महिन्यांनी मिळालं.

मधेच उलट्याही सुरू झाल्या. मळमळ नाही, पोट बिघडलेलं नाही. सकाळी उठून भडाभडा ओकायचात आणि चूळ भरून रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी मागायचात. आक्काने दोष मिलोला दिला. त्या दुष्काळी वर्षात गावातली निम्मी दुखणी मिलोच्याच नावावर लागत होती. मी दुसरा चष्मा केला. मग तिसरा. दर वेळी विचारलं, "कसं दिसतंय?" दर वेळी तुम्ही म्हणालात, "झ्याक."

त्या "झ्याक"बद्दल मला तुमच्याशी भांडायचं आहे, पण ते नंतर.

आषाढात तुम्ही कारखान्याच्या जिन्यावरची एक पायरी सोडून पुढची धरलीत आणि घसरलात. गुडघा फुटला. तेव्हा कुठे मी तुम्हाला नगरला खऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, आणि तेही चौथ्या चष्म्याचा नंबर पक्का करून आणावा म्हणून! डॉक्टर पोरगेलासा होता. त्याने तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. खोलीत अंधार केला, बॅटरीला भिंग जोडल्यासारखी एक नळी घेतली आणि तुमच्या डोळ्याला नाक लागेल इतका जवळ गेला. डावा बघितला, उजवा बघितला, पुन्हा डावा. मी मागून सांगत होतो, "नंबर माझ्याकडे लिहिलेला आहे." तो म्हणाला, "काका, दोन मिनिटं गप्प बसा."

मग त्याने दिवा लावला आणि तुमच्या डोक्यात दाब वाढलाय असं सांगितलं.

मी म्हणालो, "डोक्यात? तुम्ही तर डोळ्यात बघितलंत."

आता खरं सांगतो, त्या क्षणी भीतीच्या आधी मला नवल वाटलं. बावीस वर्षं मी डोळ्यांच्या पुढे काचा लावत आलो. डोळ्यातून आत बघता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरने कागदावर काढून दाखवलं. डोळ्याची नस मेंदूपासून निघते, ती मेंदूभोवतीच्या पाण्याचं अस्तर अंगावर घेऊनच येते. आत दाब वाढला की तो त्या अस्तरातून थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो, आणि नस जिथे पडद्याला मिळते तिथली चकती फुगते. निरोगी माणसाची चकती सपाट, कडा रेखीव. तुमची भिजलेल्या खारकेसारखी फुगलेली.

"म्हंजी डोळ्याचं दुखनं न्हाई," तुम्ही म्हणालात.

"नाही. डोळा फक्त दाखवतोय."

तुम्ही माझ्याकडे वळलात. चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट ओळखीचं माणूस अचानक भेटावं तसा आनंद होता. "पाव्हनं, गेज ग्लास!"

गेज ग्लास मला ठाऊक होती. आक्काच्या लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही मला हौसेने बॉयलर दाखवायला नेलं होतं. एवढ्या मोठ्या लोखंडी धुडाच्या पोटात काय चाललंय ते कळायला अंगावर एकच बोटभर जाडीची काचेची उभी नळी. आत पाणी जेवढं, तेवढं नळीत दिसतं. मी म्हणालो, सोपं आहे, बघत बसायचं. तुम्ही म्हणालात, "सोपं? काच लबाड असती." आणि खालचा कॉक उघडून नळीतलं सगळं पाणी सोडून दिलंत. नळी रिकामी. मी दोन पावलं मागे सरलो. मग कॉक बंद केलात आणि पाणी टुणकन उडी मारून परत जागेवर आलं. "असं आलं तर काच खरी. न आलं तर नळी तुंबल्याली. मग आत पानी नसलं तरी काच म्हनती हाय. पाळीवर आलं की पयलं काम हे. आदी काच तपासायची, मंग तिच्यावर इस्वास."

तपकिरी काड्यांच्या चष्म्याच्या आधी मला हे का आठवलं नाही?

त्या दिवशी तुम्ही डॉक्टरला इतके प्रश्न विचारलेत की बाहेरची रांग कुरकुरायला लागली. तो पोरगाही रंगला. कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी, म्हणाला. आत तीनच गोष्टी: मेंदू, रक्त आणि पाणी. एक वाढली की बाकीच्यांनी सरकून घ्यायचं. पाणी थोडं पाठीच्या कण्याकडे सरकतं, नसांतलं रक्त थोडी जागा देतं. म्हणून बरेच दिवस माणसाला फारसं कळतच नाही. पण सरकायची जागा संपली की मग चमचाभर वाढ झाली तरी दाब झपकन चढतो. सकाळीच का दुखतं? रात्रभर आडवं पडल्यावर डोक्यातलं रक्त उताराने खाली येत नाही, आणि झोपेत श्वास मंदावला की आतल्या रक्तवाहिन्या फुगतात. उलटी का? उलटीचं ठाणं मेंदूच्या बुडाशी आहे. ते दाबलं गेलं की पोटाला न विचारता उलटी होते.

"बिचारा मिलो," तुम्ही म्हणालात.

आणि मग मी अक्कल पाजळली. आमच्या शेजारच्या पोराला ताप मेंदूत गेला होता तेव्हा पाठीतून पाणी काढलं होतं आणि पोरगं सुधारलं होतं. मी डॉक्टरला म्हणालो, "दाब जास्त आहे ना? मग पाठीतून पाणी काढा की थोडं. होईल कमी." वर असंही म्हणालो की यात एवढं विचारात पडण्यासारखं काय आहे. डॉक्टर काही बोलायच्या आत तुम्हीच मला अडवलंत. कागदावरच्या कवटीच्या चित्रात खालच्या बाजूला एक भोक होतं, कण्याकडे जाणारं. त्यावर तुमचं तेल मुरलेलं बोट ठेवलंत.

"वर गच्च भरलंय आन् खाली ह्ये येवढं भोक. खालनं ओढलं तर वरचं सगळं खाली यिऊन भोकात बसंल. बुच मारल्यावानी."

डॉक्टर तुमच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "बरोबर आहे. आणि श्वास चालवणारी जागा तिथेच आहे." अशा वेळी पाठीत सुई घातली तर माणूस टेबलावरच जाऊ शकतो.

इलाज माझ्या हातात असता तर मी तुम्हाला आषाढातच पोचवलं असतं, तेही बहिणीच्या डोळ्यांदेखत. परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसून शिट्टी वाजवत होतात आणि मी पुढच्या सीटचा दांडा धरून बसलो होतो. मधेच म्हणालात, "आमच्या शिंगणापुरात घराला दार न्हाई. आन् देवानं डोस्क्याला मातुर खिडकीसुदिक ठिवली न्हाई. काय हिशोब म्हनायचा ह्यो?"

मी घरी येऊन आरशासमोर स्वतःच्या डोळ्यात बॅटरी मारून बघितली. चकती दिसावी म्हणून. डोळ्यांतून पाणी आलं आणि नाकातले केस तेवढे स्पष्ट दिसले.

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीत औषध सोडून डोक्याचे फोटो काढले. गाठ होती, आणि खोल होती. ते आक्काशीच बोलले, कारण आम्हा दोघांपैकी शुद्धीवर असलेलं माणूस तेच होतं. गाठ काढता येणार नाही. पण कानाच्या वरचा हाडाचा एक तुकडा काढून आतल्या दाबाला फुगायला जागा करून देता येईल. गाठ जाणार नाही, दाब उतरेल. नाही केलं तर काही आठवड्यांत दोन्ही डोळे जातील.

आक्काने विचारलं, "केल्यावर दिसंल त्यान्ला?"

"दिसेल. किती दिवस, ते नाही सांगता येणार."

"दिवस मी इचारलेच न्हाईत," ती म्हणाली. "करा."

मी डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं. चार महिने आधी आणलं असतं तर? ते सरळ माणूस होते. म्हणाले, गाठ तिथेच असती, आणि तेव्हाही काढता आली नसती. पण डाव्या डोळ्याची नस फार दिवस दाबाखाली राहिली, ती आता सुकायला लागली आहे. तो डोळा वाचला असता. म्हणजे माझा हिस्सा ठरला. गाठ माझी नव्हे, डावा डोळा माझा.

हे मी तुम्हाला कबूल केलं तेव्हा तुमच्या डोक्याला पांढरा फेटा बांधल्यासारखी पट्टी होती. तुम्ही उजव्या डोळ्याने मला नीट न्याहाळलंत आणि म्हणालात, "डावा तसा बी मी निस्ता मारायलाच वापरत हुतो. तुज्या आक्काला इचार." आक्का तोंडाला पदर लावून बाहेर गेली. हसायला की रडायला, ते आम्हाला कळलं नाही.

पट्टी निघाली आणि तुमची खिडकी दिसली. कानाच्या वर तळहाताएवढी जागा, खाली हाड नाही, नुसती कातडी आणि तिच्यावर उगवू पाहणारे पांढरे खुंट. बसलात की ती जागा जराशी आत जायची, आडवे झालात की भरून यायची. तुम्ही येईल त्याला दाखवायचात. "आता शोभतो शिंगणापूरचा. डोस्क्याला बी दार न्हाई." मला म्हणालात, "हात लाव. भितो काय?" मी हात ठेवला. तुम्ही मुद्दाम खोकलात आणि माझ्या तळव्याखाली काहीतरी उचललं गेलं. कोमट, जिवंत. मी हात ओढून घेतला आणि तुम्ही खो खो हसलात. दाजी, त्या तळव्याला अजून ते कळतं. तुमच्या शिव्या, तुमच्या शिट्ट्या, बॉयलरच्या आवाजावरून बिघाड ओळखायची तुमची हातोटी, सगळं तिथे खाली होतं, आणि मी त्यावर हात ठेवून उभा होतो.

डोकेदुखी गेली. उलट्या गेल्या. उजव्या डोळ्याची चकती हळूहळू बसली. नगरच्या डॉक्टरने ती बघून तुमच्या पाठीवर थाप मारली. दसऱ्याला बॉयलर पेटवला तेव्हा कारखान्याच्या माणसांनी तुम्हालाच पुढे केलं. नारळ फुटला, हार झाले, सगळे काडी ओढायची वाट बघत होते, आणि तुम्ही टोपी सारखी करून आधी गेज ग्लासपाशी गेलात. एका डोळ्याने. पाणी सोडलंत, परत आलेलं बघितलंत, मग काडी ओढलीत. साहेब लोक घड्याळं बघत होते. त्यातली दोन माझ्याकडे दुरुस्त झालेली, म्हणजे वेळ चुकीचीच दाखवत असणार.

ऊसच नव्हता, त्यामुळे हंगाम लवकर आटोपला. माघात खिडकी भरून यायला लागली. बसल्यावरही आत जाईना, हाताला घट्ट लागायला लागली. आक्का रोज सकाळी तुम्हाला उठवताना तिथे हात ठेवायची. तिला कुणा डॉक्टरच्या आधी कळलं. तिने कुणालाच सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. पण तुम्ही काय, तिचा हात किती वेळ टेकतो त्यावरूनच ओळखलं असणार.

आता ते "झ्याक".

तुमचे दिवस झाल्यावर आक्काने मला सांगितलं की पहिल्या चष्म्यापासूनच तुम्हाला काही फरक पडला नव्हता. ती म्हणाली, "मी त्यान्ला म्हनलं, दिसत न्हाई तर सांगा की त्याला तसं. तर म्हनले, बायकोच्या भावानं दिल्याली वस्तू हाय. परत करायची नसती. पोरगं लई मन लावून काचा घासतं."

दाजी, तुम्ही माहेरचा मान राखलात! धोतरजोडी असती तर समजू शकलो असतो. लहान झाली तरी नेसली, रंग आवडला नाही तरी नेसली. पण चष्मा? हजार माणसांचा जीव ज्याच्या भरवशावर, जो कुठल्याही काचेवर आधी विश्वास ठेवत नाही, त्याने मेहुण्याला वाईट वाटू नये म्हणून चार महिने आंधळं व्हायचं? मी विचारत होतो आणि तुम्ही सांगत होतात. माझा चष्मा गेज ग्लास होता आणि नळी तुम्ही तुंबवलीत. माझी चूक मी कबूल करतो, पण निम्मी तुमची. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पाव्हन्याला न्हाई कसं म्हनायचं?" आणि मी म्हणालो असतो, "तोंडाने." हे भांडण असंच उघडं राहिलंय. मी जिंकणारही नाही आणि सोडणारही नाही.

एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली.

गेल्या आठवड्यात आक्का दुकानात आली. स्टुलावर बसली, त्याच. म्हणाली, "डोस्कं दुखतंय रं. नंबर काढ."

"कधी दुखतं?"

"सकाळचं."

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काउंटरखाली गेला तो अजून सापडलेला नाही. उभी राहिल्यावर उतरतं का? वाकल्यावर अंधारी येते का? उलटी होते का? तिने माझ्याकडे बघितलं आणि तिलाही कळलं मी काय विचारतोय. मी खोक्याला हात लावला नाही. दुकान तसंच उघडं टाकलं आणि पहिल्या एसटीने तिला नगरला नेलं. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती, मी तिच्याकडे.

तोच पोरगेला डॉक्टर. तोच अंधार, तीच नळी. डावा, उजवा, पुन्हा डावा. या वेळी मी खरोखर गप्प होतो. मग दिवा लागला आणि तो म्हणाला, "काका, या. तुम्हीच बघा." नळी माझ्या हातात दिली, कसं धरायचं ते दाखवलं. बराच वेळ मला नुसता लाल उजेड दिसला. मग एकदम सगळं जागेवर आलं. नारिंगी पडदा, त्यावर पसरलेल्या बारीक नसा, आणि त्या जिथून निघतात तिथे फिकट पिवळी चकती. सपाट. कडा रेखीव. आक्काचे डोळे मी पन्नास वर्षं समोरून बघत आलो होतो.

"दाब नाही," डॉक्टर म्हणाला. "झोप नाही, आणि रडणं जास्त. आणि हो, चाळिशीचा नंबर आहे. चष्मा द्या त्यांना."

दुकानात आल्यावर मी फ्रेमचा डबा उघडला. आक्काने काउंटरवरच्या तुमच्या तिसऱ्या, जाड काळ्या चष्म्यावर बोट ठेवलं. "ह्यात बसव माजी काच. त्यान्ला तीन दिलेस, मला एक दे. म्हनून तर धाडले हुते."

तुमच्या काचा मी काढून ठेवल्या. तिच्या काचा घासायला मी दोन दिवस घेतले. फ्रेम तिला मोठी होते, नाकावरून घसरते. काळ्या फ्रेममध्ये आता तीही मामलेदारासारखी दिसते. तिने चष्मा लावला, आधी स्वतःच्या हाताच्या रेषा बघितल्या, मग माझ्याकडे.

मी विचारलं, "कसं दिसतंय? खरं सांग."

"डाव्या बाजूनं धुरकट हाय," ती म्हणाली. "परत घास."

मी काढून परत घासला, दाजी.